खडकातून वजा करताना : जोगेश्वरीचे लेणे, अटी आणि नियोजन

१/
पश्चिम द्रुतगती महामार्गावरून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याकडे वळणारी असंख्य वाहने दररोज एका लेण्याच्या जवळून जातात. महामार्गावरून ते दिसत नाही. जोगेश्वरी पूर्वेच्या दाट वस्तीतून आत गेले की पायऱ्या खाली उतरू लागतात आणि जमिनीच्या पातळीखाली सहाव्या शतकातील एक विशाल शैव मंडप समोर येतो. हे लेणे कोरणाऱ्यांपुढे जो प्रश्न होता, त्याच जातीचा प्रश्न विसाव्या शतकात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासकांनी हाती घेतला. अनेक अटी एकमेकींत गुंतलेल्या असताना कोणता निर्णय आधी घ्यावा आणि कोणता राखून ठेवावा? #थ्रेड

२/
आरंभीच एक खुलासा आवश्यक आहे. प्राचीन भारतात कृत्रिम बुद्धिमत्ता होती, असा दावा येथे नाही. तसा दावा इतिहासावरही अन्याय करतो आणि संगणकशास्त्रावरही. मुद्दा मर्यादित आहे : पाथरवटांनी अनुभवातून सोडवलेला प्रश्न यंत्राकडून सोडवून घ्यायचा, तर तो आधी स्पष्ट शब्दांत मांडावा लागला. ती मांडणी हाताशी असली की लेण्याकडे नव्याने पाहता येते, आणि लेणे समोर असले की त्या मांडणीची मर्यादाही कळते.

३/
प्रथम लेण्याची रचना पाहू. मुख्य अक्ष पूर्व-पश्चिम. दोन्ही टोकांना प्रवेश, दोन्हीकडे पायऱ्या, मध्ये आकाशाला उघडी अंगणे. केंद्रस्थानी सुमारे ९२ फूट बाजूचा चौरस मंडप असून त्यात चौकोनात मांडलेले २० खांब आहेत. त्या चौकोनाच्या मधोमध, कोणत्याही भिंतीला न टेकता, चार दिशांना चार दारे असलेला गाभारा आहे. दक्षिणेला खांबांचा लांब व्हरांडा. गाभाऱ्यात आज जोगेश्वरी देवीची पूजा होते आणि तिच्याच नावाने हे उपनगर ओळखले जाते.

४/
हे लेणे कोणी कोरवून घेतले, ते सांगणारा शिलालेख येथे नाही. शैली आणि रचना यांवरून कला-इतिहासकार वॉल्टर स्पिंक यांनी त्याचा काळ सहाव्या शतकाच्या पूर्वार्धात, साधारण इ. स. ५२० ते ५५० च्या दरम्यान ठेवला. त्यांच्या मांडणीनुसार आधी जोगेश्वरी, त्यानंतर बोरिवलीजवळचे मंडपेश्वर आणि मग घारापुरी. पूर्वेकडील भागात नटराज, शिवपार्वती विवाह, द्यूत खेळणारे शिवपार्वती, कैलास हलवणारा रावण, लकुलीश असे शिल्पपट होते. त्यांतील बहुतेक आता इतके झिजले आहेत की ओळख बाह्यरेषेवरूनच पटवावी लागते.

५/
बांधीव मंदिर आणि लेणे यांत मूलभूत भेद आहे. बांधकामात दगडावर दगड चढतो. एखादा चिरा चुकला तर काढून दुसरा बसवता येतो. लेण्यात फक्त वजाबाकी आहे. जो खडक काढला तो परत जोडता येत नाही. म्हणून येथे प्रत्येक घाव हा कायमचा निर्णय असतो. अभियांत्रिकी आराखड्याच्या भाषेत सांगायचे, तर ही अपरिवर्तनीय कृतींची मालिका आहे, आणि अशा मालिकेत क्रमाला असाधारण महत्त्व येते.

६/
पाथरवटांपुढील अटी मोजून पाहू.
• छत तोलले गेले पाहिजे. म्हणजे दोन खांबांमधील अंतराला मर्यादा.
• आत प्रकाश आला पाहिजे.
• पावसाचे पाणी आत साचता कामा नये. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो.
• फोडलेला दगड बाहेर नेण्यासाठी वाट हवी.
• अनेक गट एकाच वेळी, एकमेकांच्या डोक्यावर दगड न पाडता, काम करू शकले पाहिजेत.
• गाभाऱ्याभोवती प्रदक्षिणा घालता आली पाहिजे.
पहिल्या पाच अटी निसर्गाच्या आणि कामाच्या, शेवटची उपासनेची.

७/
यांतील एकही अट एकटी नाही. गाभारा भिंतीपासून सुटा आणि मध्यभागी हवा, म्हणून भोवती मंडप मोठा हवा. मंडप मोठा झाला की छताचा विस्तार वाढतो, म्हणून खांब हवेत. खांब वाढले की आतला प्रकाश अडतो, म्हणून एका दाराने भागत नाही. दोन्ही टोकांना अंगणे उघडावी लागतात. टेकडी बसकी असल्याने अंगणे जमिनीखाली जातात, आणि खाली गेली की पावसाचे पाणी तिकडेच धाव घेते. एका अटीचा ताण दुसरीवर आणि दुसरीचा तिसरीवर असा सरकत जातो. संगणकशास्त्रात या सरकण्याला ‘कन्स्ट्रेंट प्रॉपगेशन’, म्हणजे अटींचा प्रसार, म्हणतात.

८/
मग काम कोठून सुरू करायचे? लेण्यांत सर्वसाधारण क्रम वरून खाली असा आहे. आधी छताच्या पातळीवर आडव्या वाटा काढायच्या, मग खाली उतरत जायचे. खांब जेथे हवेत तेथे खडकाचे जाड ठोकळे राखायचे. पायाखालचा न फोडलेला खडक हीच परांची. वेगळा लाकडी मचाण उभारण्याची गरज कमी. मूर्तीचा मुकुट आधी घडतो, पाऊल शेवटी. छत एकदा पूर्ण झाले की पुन्हा वर चढावे लागत नाही.

९/
याचा पुरावा पूर्ण झालेली लेणी देत नाहीत. कारण पूर्णत्व आपल्या मागचा क्रम पुसून टाकते. तो पुरावा अपूर्ण लेण्यांत मिळतो. अजिंठ्याचे २४ क्रमांकाचे लेणे त्यासाठी प्रसिद्ध आहे. आराखडा भव्य, पण काम मध्येच थांबले. आत मोकळ्या केलेल्या वाटा, अर्धवट सुटे झालेले खांब आणि तसाच राहिलेला खडक यांमुळे कामाचे टप्पे एका दृष्टिक्षेपात वाचता येतात. विद्या दहेजिया आणि शिल्पकार पीटर रॉकवेल यांनी तर भारतीय उपखंडातील अशा अपूर्ण कामांवर २०१६ मध्ये स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

१०/
राखलेल्या त्या ठोकळ्याकडे विशेष लक्ष द्यायला हवे. खांब कोठे असेल हे लवकर ठरवावे लागते. तो चौकोनी राहील की गोल होईल, त्यावर कोणते कोरीवकाम येईल, हे मात्र ठोकळा जाड ठेवला तर नंतर ठरवता येते. दगडात भेग निघाली तर अजून काढता येण्यासारखा खडक शिल्लक असतो. म्हणजे जो निर्णय आता घेण्याची सक्ती नाही, तो घ्यायचाच नाही. विसाव्या शतकातील नियोजनशास्त्राने याच तत्त्वाला पुढे नाव दिले.

११/
एकाच अटींच्या संचाला वेगवेगळ्या डोंगरांत वेगळी उत्तरे मिळाली. घारापुरीच्या मुख्य लेण्यातही चार दारांचा सुटा गाभारा आहे. पण तेथे मुख्य प्रवेश उत्तरेकडून आहे आणि पूर्व-पश्चिमेला अंगणे आहेत. वेरुळच्या २९ क्रमांकाच्या लेण्यात, म्हणजे धुमार लेण्यात, गाभारा तसाच आहे, पण मंडप तीन बाजूंनी उघडा आहे. उपासनेची अट तीच राहिली, डोंगराचा उतार बदलला आणि त्याबरोबर आराखडाही बदलला. जोगेश्वरीच्या लेण्याचा लांबट, जमिनीत शिरलेला आकार हे त्या ठिकाणचे उत्तर आहे.

१२/
आता विसाव्या शतकाकडे वळू. १९६३ मध्ये अमेरिकेतील एमआयटी येथे आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ हा प्रबंध सादर केला. प्रकाशलेखणीने संगणकाच्या पडद्यावर रेषा काढायच्या आणि त्यांना अटी सांगायच्या : या दोन रेषा समांतर असोत, या दोन सारख्या लांबीच्या असोत. अटी पाळून आकृती जुळवून घेण्याचे काम यंत्राचे. पुलाच्या सांगाड्यातील सदस्यांवर येणारे बल दाखवण्याचे उदाहरणही त्यात होते. आराखडा म्हणजे रेषांचा समूह आणि त्या रेषांमधील संबंधांचाही समूह, ही कल्पना येथून यंत्रात उतरली.

१३/
स्केचपॅडला क्रम ठाऊक नव्हता. तो आला दुसऱ्या वाटेने. १९७१ मध्ये रिचर्ड फाइक्स आणि निल्स निल्सन यांनी ‘स्ट्रिप्स’ ही नियोजनपद्धती मांडली. ‘शेकी’ नावाच्या चालत्या यंत्रमानवासाठी ती तयार झाली होती. प्रत्येक कृतीची तीन अंगे : ती करण्यापूर्वी काय खरे असले पाहिजे, ती केल्यावर काय नव्याने खरे होते आणि काय खरे राहत नाही. ही चौकट लेण्याला लावून पाहिली की त्याचे वेगळेपण ध्यानी येते. वाट मोकळी होणे, प्रकाश येणे हे नव्याने मिळते. पण खडकापुरती यादी केवळ ‘राहत नाही’ या रकान्यातच भरत जाते.

१४/
आरंभीच्या नियोजकांची एक खोड होती. ते पहिल्यापासून शेवटपर्यंतचा क्रम घाईने बांधत आणि मग अडकत. १९७५ मध्ये अर्ल सॅसर्डोटी यांच्या ‘नोआ’ या पद्धतीने वेगळा मार्ग घेतला. ज्या दोन कृतींचा परस्परांशी संबंध नाही, त्यांचा क्रम ठरवायचाच नाही. एकीमुळे दुसरी बिघडते असे दिसले की मगच कोणती आधी ते ठरवायचे. इंग्रजीत यास ‘लीस्ट कमिटमेंट’ म्हणतात. मराठीत ‘किमान बांधिलकी’ म्हणता येईल. पाथरवटाने राखलेला जाड ठोकळा याच तत्त्वाचे दगडी रूप होय.

१५/
अटी आणि नियोजन यांची खरी सांगड १९८१ मध्ये पडली. स्टॅनफर्ड येथील मार्क स्टेफिक यांनी ‘मॉलजेन’ ही प्रणाली मांडली. ती जनुकशास्त्रातील प्रयोगांचे नियोजन करी. जिवाणूंकडून उंदराचे इन्सुलिन तयार करून घेण्याचा प्रयोग हे तिचे गाजलेले उदाहरण. कोणता जिवाणू वापरायचा हे आरंभी ठरवले जात नसे. नियोजन जसजसे पुढे जाई तसतशा ‘जिवाणू असा असावा’ अशा अटी जमत जात, आणि पुरेशा जमल्यावरच निवड होई.

१६/
स्टेफिक यांनी या कामाचे तीन भाग केले : अट मांडणे, अट पसरवणे आणि अट पुरी करणे. शेवटचे दोन भाग यंत्र उत्तम करते. कोष्टके, शोध आणि गणित यांचे ते काम आहे. पहिल्या भागाला मात्र विषयाचे ज्ञान लागते. जी अट मांडलीच नाही ती पसरत नाही आणि पुरीही होत नाही. जोगेश्वरीच्या पुढील कथेत हा पहिलाच भाग निर्णायक ठरतो.

१७/
लवकरच हे तंत्र कारखान्यांत पोहोचले. कार्नेगी मेलन विद्यापीठातील जॉन मॅकडरमॉट यांची ‘आर-वन’ प्रणाली, पुढे ‘एक्सकॉन’ या नावाने, १९८० पासून डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या व्हॅक्स संगणकांची जुळणी ठरवू लागली : कोणता भाग कोणत्या कपाटात, कोणत्या जोडणीसह. तिचे वैशिष्ट्य असे की निर्णयांचा क्रम नीट लावल्यामुळे बहुतांशी मागे फिरावे लागत नसे. मागे फिरण्याची मुभाच नसलेल्या लेण्याच्या कामाशी हिचे साम्य विशेष जवळचे आहे.

१८/
सर्वच आराखड्यांना मागे न फिरण्याचे भाग्य नसते. १९८६ मध्ये संजय मित्तल, क्लाइव्ह डिम आणि महेश मोरजारिया यांनी झेरॉक्सच्या छायाप्रतयंत्रांतील कागदाचा मार्ग आखणारी ‘प्राइड’ प्रणाली प्रसिद्ध केली. कागद पुढे सरकवणाऱ्या रुळांच्या दोन जोड्यांमधील अंतर सर्वांत आखूड कागदाच्या लांबीहून कमी हवे, नाहीतर कागद मध्येच अधांतरी राहतो. एखादी अट मोडली, तर आधीचा कोणता निर्णय बदलून पाहावा याचा सल्लाही अनुभवी अभियंत्यांकडून घेऊन प्रणालीत साठवला होता. कागदावरचा आराखडा बदलता येतो, ही सवलत येथे पुरेपूर वापरली गेली.

१९/
हा प्रवाह जोगेश्वरीच्या अगदी शेजारी येऊन पोहोचला होता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील कामातून वाढलेले राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र १९८५ मध्ये श्रीनिवासन रमणी यांच्या नेतृत्वाखाली जुहू येथे उभे राहिले. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने देशात ज्ञानाधारित संगणकप्रणालींचा प्रकल्प सुरू झाला, त्यात या केंद्राचा सहभाग होता. नियमांवर चालणाऱ्या प्रणाली रचण्यासाठी ‘विद्वान’ हे साधन येथेच घडले. डिसेंबर १९८९ मध्ये याच विषयावरील आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईत भरली.

२०/
जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने पूर्वेकडे गेले की पवईला आयआयटी मुंबई लागते. तेथे ओम दमाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जलतंत्र’ ही प्रणाली तयार केली. ग्रामीण नळपाणी योजनेत टाकीची उंची, प्रत्येक पाड्याची पाण्याची गरज, तेथे हवा असलेला किमान दाब आणि बाजारात मिळणारे नळांचे व्यास दिले, की सर्वांत कमी खर्चाचे व्यास ती ठरवते. तिची पद्धत गणिती इष्टतमीकरणाची आहे, स्टेफिक यांच्या नियोजनाची नाही. पण प्रश्न अटींचाच आहे. नळ पुरला की व्यास बदलणे महाग पडते. म्हणून सारा विचार खोदण्यापूर्वी करावा लागतो.

२१/
आता पुन्हा लेण्याकडे. सहाव्या शतकातील पाथरवटांनी आपल्याला दिसणाऱ्या अटी सांभाळल्या. छत बहुतांशी उभे आहे, मंडपात आजही दिवसा प्रकाश येतो. त्यांच्या यादीत एक अट असणे शक्यच नव्हते : टेकडीच्या माथ्यावर कधीतरी शहर वसेल. वरच्या वस्तीचे सांडपाणी, मुरणारा पाऊस आणि तुंबणारी गटारे यांचे पाणी खडकातून झिरपते. जमिनीखालची अंगणे हेच उताराचे शेवटचे टोक असल्याने पाणी तेथे साठते. झिजलेल्या शिल्पपटांना ही ओल अधिकच घातक ठरते.

२२/
संरक्षणाची व्यवस्था कायद्यात आहे. लेणे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीत येते. १९९२ च्या अधिसूचनेने संरक्षित स्मारकांच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटर विनियमित क्षेत्र ठरले. २०१० च्या दुरुस्तीने ही तरतूद कायद्यातच समाविष्ट झाली. प्रतिबंधित पट्ट्यात नवे बांधकाम नाही. जुन्या घराच्या दुरुस्तीलाही परवानगी लागते. ओसाड माळावरील स्मारकाला हे वर्तुळ सहज लागू पडते. जोगेश्वरीत त्या वर्तुळात माणसांची घरे आहेत.

२३/
तेथील रहिवाशाच्या बाजूने पाहिले तर चित्र असे : घर गळते, पुनर्बांधणी होत नाही, पुनर्वसन रेंगाळते. लेण्याच्या बाजूने पाहिले तर : वर घर आहे, त्याला योग्य मलनिःसारण नाही, म्हणून पाणी खाली येते. दोन्हींचा शत्रू पाणीच आहे. पण एका नकाशावर केवळ स्मारकाची हद्द दिसते आणि दुसऱ्यावर केवळ पुनर्वसनाची घरसंख्या. पाण्याची वाट या दोन नकाशांना जोडणारी अट आहे. ती दोन्हींत मांडलेली नसेल, तर दोन्ही आराखडे आपापल्या जागी बिनचूक ठरूनही लेणे ओलेच राहील आणि घर गळतच राहील.

२४/
आज शहरांच्या आराखड्यांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा आग्रह वाढतो आहे, आणि तो निरर्थक नाही. शेकडो अटी एकाच वेळी सांभाळण्यात यंत्र माणसाच्या पुढे आहे. परंतु स्टेफिक यांच्या तीन भागांतील पहिला भाग अजून माणसांच्या स्वाधीन आहे. जोगेश्वरीपुरते सांगायचे, तर अटी मांडताना पुरातत्त्वज्ञ, मलनिःसारण अभियंता, देवीचे भाविक आणि माथ्यावर राहणारे कुटुंब या चौघांचेही म्हणणे यादीत यावे लागेल. लेणे पुन्हा कोरता येत नाही. ते वाचवण्याचे निर्णयही त्यामुळे क्रम पाहूनच घ्यावे लागतील, आणि त्या क्रमात पाण्याला वाट देणे सर्वांत आधी येते.

२५/
जोगेश्वरीला जाणाऱ्यांसाठी एक सूचना. शिल्पे झिजलेली पाहून निराश होऊन परत फिरू नये. गाभाऱ्याच्या एका दाराशी उभे राहून आधी छत, मग खांबांच्या रांगा, मग अंगणातून येणारा उजेड आणि शेवटी पायाखालचा उतार, या क्रमाने पाहावे. हे लेणे ज्या क्रमाने कोरले गेले, साधारण त्याच क्रमाने ते वाचता येते. पावसाळ्यात गेल्यास पाणी कोठून येते आणि कोठे थांबते, तेही पाहावे. या स्मारकाच्या पुढील आयुष्याचा प्रश्न तेथेच आहे.

(थ्रेड समाप्त)